साखराबाईचा दुसरा डोस

केदारखेड्याच्या वरच्या अंगाला, जिथं गावठाण संपून माळ लागतो, तिथं धनगरांची सात-आठ खोपटं होती. त्यातलं अगदी शेवटचं कारभारीचं. कारभारी आणि त्याची बायको साखराबाई, दोघंच त्यात राहात. दोन लेकरं झाली होती, दोन्ही वर्षाच्या आत गेली. पुढं काही झालं नाही. पण घर रिकामं आहे हे साखराबाईला फारसं जाणवायचं नाही, कारण ती घरात असायचीच कुठं? दिवाळी उलटली की धनगरांचा मेळा मेंढरं घेऊन खाली गोदाकाठाकडं निघायचा, तो मिरगाच्या तोंडावर माघारी यायचा. वर्षातले सात महिने बिऱ्हाड घोड्यावर. आज या शिवारात, चार दिवसांनी पुढच्या. संध्याकाळी उतरले की सगळ्या चुली एका रेघेत पेटायच्या आणि या चुलीवरची बाई त्या चुलीवरच्या बाईशी तिथूनच ओरडून बोलायची. कुणाची मेंढी व्याली, कुणाच्या भाकरीला पदर सुटला नाही, कुणाचा दादला कसा घोरतो. साखराबाईचा आवाज त्यात सगळ्यात वर असायचा. कारभारी कमी बोलणारा माणूस. त्याच्या वाटणीचंही तीच बोलते, असं बाया म्हणायच्या.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून दोनेक वर्षं होती. त्या साली पावसाळ्यात साखराबाईच्या अंगातलं बळ हळूहळू गळत गेलं. आधी घागर डोक्यावर घेताना डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. मग चार पावलं चढ चढला की छाती धाडधाड उडायची. नखं पांढरीफटक पडली. चुलीची भाजकी माती खावीशी वाटायची, आणि कुणी बघत नसलं की ती खायचीही. वयाच्या पस्तिशीत ती साठीच्या बाईसारखी भिंतीला धरून उठायला लागली.

भाद्रपद संपता संपता एक दिवस कारभारी लोकर कातरता कातरता म्हणाला, "यंदा तू घरीच ऱ्हाय."

"म्हंजी?"

"चालवत न्हाई तुला. वाटंत पडलीस तर मी मेंढरं सांभाळू का तुला?"

"न्हाई पडत मी. दिवाळीपस्तोर होईन बरी."

"झालीस तर चल. न्हाई तर ऱ्हाय."

तो रागानं बोलला नव्हता. खोटंही बोलला नव्हता. पण साखराबाईच्या डोळ्यांपुढं दिवाळीनंतरचा माळ उभा राहिला. सगळी खोपटं बंद होतील, माळावर एक तिचं दार तेवढं उघडं राहील, आणि सात महिने ती एकटी. तिनं आजवर एक संध्याकाळ एकटीनं काढली नव्हती.

कारभारीची मेंढरं खतासाठी ज्यांच्या रानात बसायची त्या नंदाबाई गावातल्या जुन्या कुणब्याच्या घरातल्या. नवरा वारलेला, शेत स्वतः करायच्या. साखराबाई त्यांना काकू म्हणायची. नंदाबाईंनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाल्या, "अगं, रगत म्हणून न्हाई तुझ्या अंगात. चतुर्थीला माझी गाडी राजूरला जाऊन राह्यली. तिथं सरकारचा फिरता डाक्टर येतो म्हणं. चल माझ्यासंगं."

अश्विनातल्या वद्य चतुर्थीला राजूरच्या गणपतीला माणसांची रीघ होती. बाजाराच्या कडेला लिंबाखाली डॉक्टरांचं टेबल मांडलेलं, बाजूला औषधाच्या पेट्या आणि पितळी नळीचं एक यंत्र. डॉक्टर हैदराबादकडचे, डोक्यावर तुर्की टोपी, बोलणं दखनी. त्यांच्याजवळ कंपौंडर होता बद्रीनाथ, तो इकडचाच, आणि डॉक्टरांचं बोलणं बायाबापड्यांना मराठीत समजावून सांगायचा.

डॉक्टरांनी साखराबाईची नखं बघितली, जीभ बघितली. सकाळी येतानाच नंदाबाईंनी पानाच्या द्रोणात तिचं शौच बांधून घ्यायला लावलं होतं. ते काचेला लावून डॉक्टरांनी नळीत डोळा घातला आणि बराच वेळ बघत राहिले.

"जंत हैं. बारीक वाले. अंतडी कू चिपक के खून पीते," ते म्हणाले. मग पुढं विचारलं, "हमल है क्या?"

"दिवस गेलेत का, विचारतेत," बद्रीनाथ म्हणाला.

साखराबाईनं मान हलवली. "न्हाई बाबा. धा वरसं झाली."

"दारू, शिंदी?"

"छ्या!"

डॉक्टरांनी तिला तराजूवर उभं केलं, छातीला नळी लावून ऐकलं, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. बद्रीनाथनं मोजून एका चपट्या बाटलीत तेल भरलं. पिवळसर, आणि वास असा उग्र की बूच लावलेलं असतानाही नाकाला झोंबावा. बाटलीवर त्यानं कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्या मधोमध शाईची एक रेघ ओढली.

"हे बघा बाई, नीट ऐका," तो म्हणाला. "रेघेच्या वरचं उद्या सकाळी घ्यायचं, उपाशीपोटी, साखरेबरोबर. दोन तासांनी हे एरंडेल. एरंडेल विसरायचं न्हाई. त्यानं पोट साफ होतं अन् औषधही बाहेर पडतं. रेघेच्या खालचं तीन आठवड्यांनी. तवाही तसंच, तवा एरंडेल गावातलं चालंल."

"तीन आठवडे कशाला? एकदमच..."

डॉक्टरांना मराठी बोलता येत नसलं तरी समजत होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, ये दवा जहर है. कीड़े के वास्ते भी, तुम्हारे वास्ते भी. बराबर नाप के लिए तो कीड़ा मरता. जास्ती लिए तो आदमी. बीच में बिलकुल नै लेना. दूसरे किसी कू देना बी नै."

"मी पुढच्या महिन्यात इकडं येईन का न्हाई सांगता येत न्हाई," बद्रीनाथ म्हणाला, "म्हणून दोन्ही डोस आत्ताच देऊन राह्यलो. पण दिवस मोजता येतील ना तुम्हाला?"

साखराबाईला वीसपर्यंत मोजता यायचं, पण तिची खात्री नव्हती. तेव्हा बद्रीनाथनं औषधाच्या पेटीची सुतळी तोडली आणि तिला एकवीस गाठी मारून दिल्या. "रोज सकाळी एक गाठ सोडायची. सुतळी सरळ झाली की खालचं औषध घ्यायचं. अन् ह्या लोखंडाच्या पुड्या रोज एक. शौचाला काळं होईल, भ्यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं होतं तसं सगळं केलं. तेल घशाखाली उतरताना जळत गेलं, डोकं गरगरलं, दुपारी एरंडेलानं पोट खळाळून गेलं. आणि मग संध्याकाळी, कित्येक महिन्यांनी, तिला भूक लागली. नुसती नव्हे, कडकडून. तिनं दोन भाकरी खाल्ल्या आणि कारभारीला म्हणाली, "बघा, झाले बरी."

पण बरं वाटणं वेगळं आणि बळ येणं वेगळं. तिसऱ्या दिवशी ती घागर घेऊन चढावर बसली. चौथ्या दिवशी कारभारी घोड्याचं खोगीर दुरुस्त करत होता, तेव्हा तिनं विचारलं, "कधी निघायचं ठरलं?"

"भाऊबीज झाली की."

साखराबाई आत गेली. खुंटीला सुतळी टांगली होती. तिनं गाठींवरून बोट फिरवलं. सतरा उरल्या होत्या. भाऊबीजेला आठ-नऊ दिवस. तिच्या मनानं एक साधा हिशोब केला: अर्ध्या औषधानं एवढी भूक लागली, तर उरलेल्या अर्ध्यानं बळ येईल. आणि ते भाऊबीजेच्या आत यायला पाहिजे. नंतर आलं काय आणि न आलं काय! डॉक्टर जहर म्हणाला होता खरा. पण पहिल्या वेळी काय झालं? थोडं गरगरलं, एवढंच. शहाणी माणसं अशी भीती घालतातच.

पाचव्या दिवशी सकाळी कारभारी मेंढरं घेऊन गेल्यावर ती उंबऱ्यावर बसली आणि एकामागून एक सगळ्या गाठी सोडल्या. काही फार आवळलेल्या होत्या, त्या दातांनी सोडल्या. सुतळी सरळ झाली. कुणालातरी दाखवायचं असल्यासारखी ती तिनं मांडीवर ताणून धरली. मग बाटलीतलं खालचं औषध साखरेबरोबर घेतलं. एरंडेल पहिल्याच वेळी संपलं होतं. नंदाकाकूंकडं मागायला गेलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, आज कशाला? म्हणून ती गेली नाही.

दुपारपर्यंत ती जमिनीवर आडवी होती. घर फिरत होतं. ओकाऱ्या थांबेनात. तोंडाभोवती मुंग्या आल्या, हातांनी धरलेलं सुटेना. आणि कानात आवाज सुरू झाला. आधी एक रातकिडा, मग शंभर, मग सगळ्या माळावरचे रातकिडे तिच्या डोक्यात शिरल्यासारखे. कारभारी आला तेव्हा ती काहीबाही बडबडत होती. त्यानं नंदाबाईंना बोलावलं. त्यांनी मीठपाणी पाजलं, रिकामी बाटली हातात घेऊन बघितली आणि कपाळावर हात मारला. कुणी म्हणालं, बाहेरचं असेल, भगताला आणा. नंदाबाईंनी भगताला बाहेरच्या बाहेर घालवलं.

तीन दिवस ती ना धड जागी, ना धड झोपेत. चौथ्या दिवशी सकाळी तिला स्वच्छ जाग आली. डोकं जड होतं, पण घर जागेवर होतं. दारातून ऊन आत आलं होतं. कानातले रातकिडे बंद झाले होते. किती बरं वाटलं तिला! मग दारात कोंबडा आला. त्यानं मान वर केली, चोच उघडली, गळा फुगवला. साखराबाई बघत राहिली. कोंबड्यानं चोच मिटली आणि तो निघून गेला.

"अवं," तिनं हाक मारली. आपल्याच गळ्यातून काही बाहेर पडलं की नाही, ते तिला कळेना. तिनं पुन्हा हाक मारली. कारभारी धावत आत आला, तोंडावर बोट ठेवून. म्हणजे ती ओरडली होती.

भाऊबीज झाली. मेळा थांबणार नव्हता. माळावरचं गवत संपलं होतं आणि मेंढरांना पोट असतं. कारभारीनं दोन दिवस जास्त काढले. मग त्यानं ज्वारीचं पोतं आणून ठेवलं, जळण रचलं आणि निघायच्या सकाळी तिच्यापुढं उभा राहिला. तो बोलायला लागला. पटक्याचं टोक हातात चुरगाळत बराच वेळ बोलला. लग्न झाल्यापासून एवढं सलग तो कधी तिच्याशी बोलला नसेल. साखराबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. ओठ हलत होते, मिशी हलत होती, एकदा त्यानं डोळे पुसले. त्यातला एक शब्द तिच्यापर्यंत पोचला नाही. तो थांबला तेव्हा तिनं मान हलवली, जणू सगळं कळलं. आणि तो वळला.

मेंढरं उतारावरून गेली. त्यांची धूळ तिनं बघितली. घंट्या वाजत असणार. ती दारात उभी राहिली, धूळ खाली बसेपर्यंत. मग बाकीच्या खोपटांकडं बघितलं. सगळ्या दारांना काटेरी फांद्यांचे झाप लावलेले होते.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते साखराबाईला पुढं नीट सांगता यायचं नाही. दिवसाला आवाज नसला की तो केवढा लांबतो, ते आधी कुणी सांगून पटलं नसतं. दूध उतू गेलं तर वासानं कळायचं, तोवर निम्मं गेलेलं असायचं. मागून कुणी आलं की ती दचकायची. त्या दचकण्याला हसून हसून पाणवठ्यावरच्या बाया कंटाळल्या, मग नुसत्या बाजूला सरकायला लागल्या. पहिल्या पहिल्यांदा त्या तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायच्या. काही उपयोग होत नाही म्हटल्यावर हातानं खुणा करायला लागल्या, आणि खुणांनी किती बोलणार? पाणी भर, बाजूला हो, ऊन फार आहे. पुढं तेवढंही राहिलं. त्या आपसात बोलायच्या आणि साखराबाई घागर भरेपर्यंत त्यांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत राहायची. कुणी हसलं की तीही हसायची. एकदा सगळ्याजणी एकदम तिच्याकडं बघायला लागल्या तेव्हा तिला कळलं की ती एकटीच हसत होती. कुणाच्या तरी घरी माणूस गेलं होतं, त्याची गोष्ट चालली होती.

नंदाबाई मात्र तिला रोज शेतात बोलवायच्या. त्यांची एक रीत होती. आधी तिच्या खांद्याला हात लावायचा, समोर उभं राहायचं, आणि मग सावकाश बोलायचं. त्यांच्या ओठांवरून साखराबाईला थोडं थोडं उमगायला लागलं. चुकायचंही. एकदा त्यांनी पाटी आण म्हटलं आणि हिनं ओंजळभर माती आणून दिली. नंदाबाई हसायला लागल्या, आणि मग हसता हसता त्यांनी तोंड पदरात लपवलं. साखराबाई माती हातात घेऊन तशीच उभी.

पौषात डॉक्टर पुन्हा राजूरला आल्याचं कळलं. साखराबाईचं जायचं मन नव्हतं. कोणत्या तोंडानं जायचं? नंदाबाईंनी तिला धरून गाडीत बसवलं.

बद्रीनाथनं तिला ओळखलं आणि हसून काहीतरी विचारलं. मग त्याचं हसणं गेलं. नंदाबाई बोलत होत्या. डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांनी तिच्या एका कानाशी घड्याळ धरलं, मग दुसऱ्या. मग लोखंडाचा एक दुबोटी चिमटा गुडघ्यावर आपटून तिच्या कानामागच्या हाडाला टेकवला. हाडात काहीतरी थरथरलं. ऐकू काही आलं नाही. डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला आणि तिच्यासमोर दोन बोटं धरली, मग ती एकत्र चिकटवली आणि भुवया वर केल्या. दोन्ही डोस एकदम?

"पाचव्या दिवशी," साखराबाई म्हणाली. "एरंडेल बी न्हाई घेतलं. मला मेंढरांसंगं जायाचं व्हतं."

डॉक्टर रागावतील, अशी तिची अपेक्षा होती. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी नुसता रुमाल काढून चष्मा पुसला. नंदाबाईंनी तिच्यासमोर येऊन, ओठ नीट उघडून सांगितलं, "न्हाई येणार परत." मग आणखी एकदा सांगितलं, कारण साखराबाईला ते पहिल्यांदाच कळलं होतं पण तिनं न कळल्यासारखं केलं होतं.

त्यांनी तिचं शौच पुन्हा तपासलं. जंत नव्हते. लोखंडाच्या पुड्यांनी नखांना रंग आला होता. अंग आता ठणठणीत होतं. सात कोस चालली असती ती.

त्या दिवशीपासून डॉक्टरांनी एक गोष्ट बदलली. जंताचं तेल कुणाच्या हातात द्यायचं नाही. एक डोस, तोही टेबलापाशी, समोर उभं करून. एरंडेल पोटात जाईपर्यंत माणसाला तिथंच लिंबाखाली बसवायचं. दुसरा डोस पुढच्या चतुर्थीला, पुन्हा तपासून. आणि पुढची फेरी चुकवायची नाही, असं त्यांनी वरती कळवलं. हे सगळं साखराबाईला नंदाबाईंनी गाडीत परत जाताना कळवायचा प्रयत्न केला, पण गाडी हिंदकळत होती आणि ओठ वाचता येत नव्हते. ते तिला पुढच्या चतुर्थीला डोळ्यांनीच दिसलं. टेबलापुढच्या रांगेत एक म्हातारा हुज्जत घालत होता. त्याला औषध घरी न्यायचं होतं. बद्रीनाथनं त्याला काही सांगितलं आणि सांगता सांगता त्याची नजर साखराबाईकडं गेली. लगेच त्यानं ती वळवली. त्याला तिचं नाव घ्यायचं नव्हतं.

साखराबाईनं पदर सावरला आणि पुढं झाली. "सांगा की," ती म्हणाली. "माझं नाव घेऊन सांगा. कारभारी धनगराची साखरा. तिनं तीन आठवडे थांबायचं सोडून पाच दिवसांत पिलं अन् बहिरी झाली."

किती मोठ्यानं बोलली, ते तिला कळलं नाही. पण सगळी रांग वळली. पलीकडचा रेवडीवालासुद्धा वळला. म्हातारा तिच्याकडं बघत राहिला आणि मग मुकाट लिंबाखाली जाऊन बसला.

त्यानंतर ती एकही चतुर्थी न चुकवता राजूरला जायची. तिला कुणी काही द्यायचं नाही, मागायचीही नाही. लिंबाखाली औषध घेऊन बसलेल्या बायांजवळ ती बसायची, त्यांना गरगरलं तर धरायची, कुणी एरंडेलाला नाक मुरडलं तर डोळे वटारायची. बाया आपसात बोलायच्या ते तिला कळायचं नाही. पण तिथं निदान काम होतं.

मिरगाच्या तोंडावर मेळा परत आला. कारभारी दारात उभा राहिला तेव्हा ती पाठमोरी दळत होती. सावली पडली म्हणून तिनं मान वळवली. तो वाळला होता. बघते तर त्याच्याही नखांवर तोच पांढरा रंग, आणि पायांवर सूज.

रात्री जेवताना तिनं त्याला विचारलं, "निघताना काय बोल्लात तुमी मला? लई येळ बोलत व्हता."

कारभारीनं घास खाली ठेवला. आठवायचा प्रयत्न केला. मग खांदे उडवले आणि तळहात उताणा केला. ध्यानात नाही. साखराबाईनं त्याला आणखी एक भाकरी वाढली.

पावसाळाभर तिची गेली होती तशीच त्याचीही ताकद गळत गेली. अश्विनात तिनं सांगितलं, "चतुर्थीला राजूरला चला." तो मानेनंच नाही म्हणाला. तिनं पुन्हा सांगितलं. तेव्हा तो उठला, तिच्या कानाला बोट लावलं आणि दोन्ही हात हवेत उडवून असा काही ओरडला असेल की शेजारच्या खोपटातून रायभान बाहेर आला. कारभारीला काय म्हणायचं होतं ते कळायला कान लागत नव्हते. तुझं काय झालं ते बघितलं ना? आता मलाही पाजतेस?

"औषधानं न्हाई झालं," साखराबाई म्हणाली. "औषधानं तर मी बरी झाले. बाकीचं म्या केलं." आणि मग, जरा थांबून, "मागं ऱ्हायचं भ्या वाटलं म्हणून केलं."

कारभारी खाली बसला. त्यानंतर तो काही बोलला असेल तर ते जमिनीकडं बघून बोलला.

चतुर्थीला त्यानं टेबलापाशी उभ्यानं औषध घेतलं, तोंड वाकडं केलं आणि लिंबाखाली येऊन बसला. साखराबाईनं दोन तासांनी त्याच्या हातात एरंडेलाची वाटी दिली. संध्याकाळी गाडीत तो लेकरासारखा झोपला. बद्रीनाथनं निघताना दोघांना बोटांनी दाखवलं होतं: दुसरा डोस पुढच्या चतुर्थीला. त्याच्या आत नाही, त्याच्याशिवायही नाही.

म्हणजे कार्तिक वद्य चतुर्थी. आणि मेळा भाऊबीजेनंतर निघणार. कारभारी मेंढरं घेऊन रायभानबरोबर निघून जाईल, दुसरा डोस सोडून देईल, असं साखराबाईला वाटलं होतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी खोपटांच्या दारांना काट्यांचे झाप लागले. घोडी लादली गेली. रायभाननं कारभारीपाशी येऊन हात केले, चल. कारभारीनं मान हलवली आणि बोटानं राजूरची दिशा दाखवली. मेळा गेला.

तो थांबला. माळावर काही उरलं नव्हतं, म्हणून रोज मेंढरं दूर नदीकाठच्या पाचोळ्यावर न्यायला लागायची, नंदाबाईंनी कडबा दिला तो पुरवून वापरायला लागायचा. एक कोकरू त्या दिवसांत मेलं. तरी तो थांबला, दोन आठवड्यांच्या वर. संध्याकाळी माळावर एकच चूल पेटायची. त्या चुलीच्या दोन बाजूंना दोघं बसायची.

एका संध्याकाळी साखराबाईच्या मनात आलं, गेल्या वर्षी असाच थांबला असता तर? एवढेच दिवस तर होते. थांबता येतं, हे तर आता दिसलंच. मेंढरांची पोटंही भरतात कशीबशी. ते सगळं तिच्या जिभेवर आलं. तिनं त्याच्याकडं बघितलं. तो शेकोटीत काटक्या मोडून टाकत होता, आणि अधूनमधून आपल्या नखांकडं बघत होता, रंग आला का म्हणून. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. बोलून टाकलं असतं, पण त्याचं उत्तर तिला ऐकू आलं नसतं. उत्तराशिवाय असलं काही विचारण्यात काय अर्थ होता? ती उठली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

चतुर्थीला डॉक्टरांनी तपासलं, मोजून दुसरा डोस दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. नंदाबाई बांधापर्यंत आल्या. त्यांनी साखराबाईच्या खांद्याला हात लावला, समोर उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, "सांभाळून."

"व्हय काकू," साखराबाई म्हणाली. एवढं तिला नीट कळलं होतं.

मेळा अठरा-एकोणीस दिवस पुढं होता. गाठायचा तर रोज लांबचा पल्ला मारायला हवा होता. कारभारी पुढं, मग मेंढरं, मग घोडा, आणि सगळ्यात मागं ती. पूर्वी तो मागं न बघता चालायचा. मागून तिचं बोलणं चालू असायचं, ते ऐकू आलं की ती आहे हे त्याला कळायचं. आता ती बोलत नव्हती. मेंढरांच्या पाठींवरून तिला त्याचा पटका दिसत होता. थोडं चाललं की तो थांबायचा, वळून बघायचा, ती हात वर करायची, आणि मग तो पुन्हा चालायला लागायचा.